लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते खोक्यावर छापा : ग्राहक व्यवहार विभागाला खुलं पत्र

प्रति,
सचिव, ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार, नवी दिल्ली,
आणि दुरुस्ती निर्देशांकाचं काम पाहणारे सर्व अधिकारी

विषय : लॅपटॉपच्या दुरुस्ती निर्देशांकात ड्रायव्हर, फर्मवेअर आणि बायोस धरण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र मुद्दाम खुलं लिहितेय. हे एकट्या माझ्या गाळ्याचं रडगाणं असतं, तर तुमच्या पोर्टलवर तक्रार टाकून मोकळी झाले असते. पण लॅमिंग्टन रोडपासून कल्याणपर्यंत जो कोणी रोज लॅपटॉप खोलतो, त्याला यातलं निम्मं तोंडपाठ असेल.

सप्टेंबर २०२४ मध्ये तुमच्या विभागानं मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा दुरुस्ती निर्देशांक ठरवायला समिती नेमली आणि मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला. वस्तू किती सहज खोलता येते, सुटे भाग वेळेत मिळतात का, हत्यारं आणि स्क्रू कुठले लागतात, दुरुस्तीची माहिती कोणाला मिळते, सॉफ्टवेअर अपडेट किती काळ येत राहणार, यावर गुण द्यायचे आणि ते गुण ग्राहकाला खरेदीआधी दिसायला हवेत, ही कल्पना मला मनापासून पटली. सॉफ्टवेअरला त्या यादीत जागा मिळाली याचा विशेष आनंद झाला; एरवी आपल्याकडे दुरुस्ती म्हटलं की स्क्रूड्रायव्हर आणि सोल्डरिंगच्या पुढे कोणी जात नाही.

पण दोन गोष्टी खटकल्या. पहिली म्हणजे अग्रक्रम स्मार्टफोन आणि टॅबलेटला. लॅपटॉप रांगेत मागे. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून असा निर्देशांक लागू केला तेव्हा पहिल्याच यादीत लॅपटॉप होता, वॉशिंग मशीन आणि गवत कापायच्या यंत्राच्या जोडीला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ‘अपडेट’ म्हणजे कंपनी स्वतःहून देईल तेवढंच, असा अर्थ लावला, तर लॅपटॉपच्या बाबतीत हा निकष कागदावरच राहील. बहुतेक लॅपटॉपवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टीम लॅपटॉप विकणारी कंपनी बनवत नाही. तिच्या हातात असतो तो मधला थर : बायोस (मशीन चालू होताना सगळ्यात आधी धावणारा कोड), फर्मवेअर (चिपसाठीचा आतला कोड), ड्रायव्हर (सिस्टीमला एकेक भाग चालवायला शिकवणारी फाइल). बाहेरून नवी सिस्टीम टाकायला गेलं की अडतं ते याच थरात, आणि तिथं कंपनीनं हात वर केले की मशीन धडधाकट असूनही निकामी ठरतं.

माझं दुरुस्तीचं छोटं दुकान वर्तकनगरात आहे. ठाण्यात जुने लॅपटॉप साधारण दोन वाटांनी माझ्यासारख्यांकडे येतात. एक वाट वागळे इस्टेट आणि घोडबंदर रोडच्या कार्यालयांची. लीज संपली की तिथली मशीनं घाऊक भावात बाहेर पडतात. काळी, जड, दिसायला ओबडधोबड. पण त्यांच्यावर काम करणं म्हणजे सुख. खोलण्याची पुस्तिका कंपनीच्या साइटवर चित्रांसकट असते, दहा वर्षांपूर्वीचे ड्रायव्हर सापडतात, बायोसमध्ये सगळे पर्याय उघडे असतात. लिनक्स (फुकट मिळणारी, खुली ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं तर पहिल्या बूटलाच वाय-फाय, आवाज, टचपॅड, सगळं चालू.

दुसरी वाट घरगुती ग्राहकांची. दिवाळीच्या ऑफरमध्ये, ईएमआयवर, मुलाच्या डिप्लोमासाठी नाहीतर घरच्या पोळी-भाजी केंद्राच्या हिशेबासाठी घेतलेले पंचवीस-तीस हजारांचे लॅपटॉप. चकचकीत, हलके, आणि आत कुठली चिप आहे याचा पत्ता नाही. कंपन्या त्याच, कधीकधी मालिकाही तीच, पण कार्यालयांना विकलेल्या मालाला एक न्याय आणि घरगुती मालाला दुसरा. ज्याला पाच वर्षांत नवं मशीन घेणं परवडत नाही, नेमकं त्याचंच मशीन पाच वर्षांत बेवारस होतं. माझ्या सगळ्या पत्राचा गाभा म्हणाल तर एवढाच आहे.

गेल्या काही महिन्यांत या दुसऱ्या वाटेला गर्दी का झाली, ते तुम्हाला ठाऊकच असेल. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. विंडोज ११ ला टीपीएम २.० (किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) लागतं, सिक्युअर बूट (सही केलेलीच सिस्टीम चालू होऊ देणारी सोय) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. २०१८ मध्ये दुकानांतून सातव्या पिढीचे लॅपटॉप सर्रास विकले जात होते. एसएसडी (वेगवान डिस्क) टाकली आणि रॅम आठ जीबी केली की ते आजही कॉलेजच्या कामाला, ऑनलाइन फॉर्म भरायला, सोसायटीची बिलं काढायला पुरून उरतात. मग ग्राहकापुढे वाटा उरतात तीन. सपोर्ट संपलेल्या विंडोजवर देवाच्या भरवशावर चालवायचं. रुफससारख्या टूलनं अटी चुकवून विंडोज ११ बसवायचं, ज्याच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. किंवा लिनक्स. मी बहुतेकांना तिसरी वाट सुचवते. लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराची २०२४ मध्ये आलेली २२ नंबरची मालिका २०२९ पर्यंत अपडेट देणार आहे, आणि तिला तुमचा प्रोसेसर कितव्या पिढीचा आहे याच्याशी देणंघेणं नाही.

आता या तिसऱ्या वाटेवर नेमकं काय होतं ते एका मशीनवरून सांगते. कंपनीचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीच्या सुटतील.

लोकमान्यनगरच्या एका डिप्लोमाच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप. सातव्या पिढीचा आय-थ्री, एका बाजूची हिंज सैल, मनगट टेकतं तिथला रंग उडालेला, बाकी ठणठणीत. जुनी हार्ड डिस्क कुरकुरत होती म्हणून आतल्या रिकाम्या स्लॉटमध्ये नवी एनव्हीएमई एसएसडी बसवली आणि मिंटच्या पेनड्राइव्हवरून बूट केलं. इन्स्टॉलर छान उघडला, भाषा मराठी निवडली, पुढे पुढे करत डिस्कच्या पानावर आले, तर तिथं नवी एसएसडीच नाही. जुनी हार्ड डिस्क दिसते, पेनड्राइव्ह दिसतो, एसएसडीचा मागमूस नाही. कारण ठरलेलं असतं : कंपनीनं बायोसमध्ये स्टोरेज इंटेलच्या आरएसटी मोडवर (डिस्क इंटेलच्या खास ड्रायव्हरमार्फत दाखवायची पद्धत) ठेवलेलं, त्यामुळे एसएसडी त्या कंट्रोलरच्या आड दडते. तो मोड बदलून एएचसीआय, म्हणजे नेहमीचा, केला की झालं. बायोस उघडलं तर मोड बदलायची ओळच नाही. चार टॅब, त्यात तारीख, बूटचा क्रम आणि पासवर्ड. ओळ आहे, पण लपवलेली. त्या कंपनीच्या अनेक मॉडेलांत बायोसच्या एका विशिष्ट टॅबवर कंट्रोल आणि एस एकदम दाबलं की ती प्रकट होते. हे मशीनबरोबरच्या पुस्तिकेत नाही. दुरुस्तीवाले एकमेकांना सांगतात, त्यावर चाललंय. ग्राहकानं घरी स्वतः प्रयत्न केला असता तर ‘एसएसडी खराब निघाली’ म्हणून परत केली असती.

डिस्क दिसली, सिस्टीम बसली. मग वाय-फाय. राउटर दुकानातच, काउंटरच्या मागे. लॅपटॉप राउटरशेजारी ठेवला की नेट चालतं, दोन पावलं दाराकडे नेलं की गायब. ड्रायव्हर आहे, चिप ओळखली गेलीय, तरी हे. मागचं झाकण काढलं. वाय-फायच्या त्या एवढ्याशा कार्डवर ॲन्टेनाची वायर खोचायला दोन टोकं असतात. कंपनीनं वायर दिली होती एकच, ती खोचली होती एका टोकाला, आणि ड्रायव्हर ऐकत बसला होता दुसऱ्या, रिकाम्या टोकाला. कंपनीच्या स्वतःच्या विंडोज ड्रायव्हरला ही गोष्ट माहीत होती, म्हणून विंडोजवर कधी त्रास झाला नाही. जगाला मात्र कोणी सांगितलं नाही. ड्रायव्हरला ‘दुसरी ॲन्टेना वापर’ असा एका ओळीचा पर्याय दिला आणि नेट रस्त्यापर्यंत पोचलं. एका ओळीची गोष्ट. ती ओळ हवी हे ज्यांनी शोधलं ते त्या कंपनीचे पगारी नोकर नव्हते. असेच कुठलेतरी वैतागलेले ग्राहक होते.

मध्ये एकदा कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला होता. मॉडेल नंबर विचारला, सीरियल नंबर विचारला, आणि मग ‘मॅडम, हे मॉडेल एंड ऑफ लाइफ झालेलं आहे, नवीन मॉडेलवर एक्सचेंज ऑफर चालू आहे’. बोलणारा मुलगा नम्र होता, त्याचा काय दोष? त्याच्या स्क्रीनवर तेवढंच लिहिलेलं असणार. साइटवर त्या मॉडेलचं पान उघडतं, पण ड्रायव्हरच्या जागी ‘या उत्पादनासाठी डाउनलोड उपलब्ध नाहीत’. विकताना होते, आता नाहीत. सर्व्हरवर चार फाइली ठेवायला असा किती खर्च येतो?

आणि अधिकृत जागी ड्रायव्हर नसले की माणूस जातो कुठं? गूगलवर वर येणाऱ्या ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि ‘ड्रायव्हर पॅक’वाल्या साइटींवर. ड्रायव्हरबरोबर तीन टूलबार, एक नकली अँटिव्हायरस आणि ब्राउझरचं बदललेलं होमपेज घेऊन ती मशीनं माझ्याकडे येतात. सायबर सुरक्षेच्या जाहिराती आपण रोज ऐकतो. हीसुद्धा सायबर सुरक्षाच आहे.

लिनक्सवाल्यांनी हे सगळं कसं निभावून नेलंय हेही सांगायला हवं, कारण समितीतल्या कोणाला वाटेल की कंपन्यांवाचून चाललंय तर चालू द्या. बूट होताना बायोसचा कोड समोरच्या सिस्टीमला विचारतो, तू कोण? विंडोजची कुठली आवृत्ती? उत्तर पाहून तो हार्डवेअर वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडतो. लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) इथं सरळ ‘मी विंडोज’ असं सांगतो, कारण बऱ्याच बायोसची तपासणी फक्त विंडोजवर झालेली असते. दुसरं नाव ऐकलं की त्यांचा तोल जातो. २०१५ च्या सुमारास बाजारात आलेल्या इंटेलच्या ॲटम प्रोसेसरच्या स्वस्त टू-इन-वन (लॅपटॉप आणि टॅबलेट एकात) मशीनांचा किस्सा तर आणखी भारी. प्रोसेसर ६४ बिटचा, पण कंपन्यांनी बूट फर्मवेअर भरलं ३२ बिटचं, त्यामुळे नेहमीचा ६४ बिटचा पेनड्राइव्ह लावला तर मशीन त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकारानं २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून या तिरपागड्या जोडीसाठी इन्स्टॉलर दिला. त्याच मशीनांतल्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये यायला २०१७ उजाडलं. तेव्हा रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीत असलेले हान्स द ग्यूडे यांनी या वर्गातल्या मशीनांचे टचस्क्रीन, बॅटरी, आवाज एकेक करून मार्गी लावले. टचस्क्रीनची तर मॉडेलवार यादीच कर्नलमध्ये आहे, कारण कोणत्या मॉडेलला कुठलं फर्मवेअर आणि अक्ष कुठल्या दिशेला हे कंपन्यांनी कुठंच लिहून ठेवलं नव्हतं. कितीतरी मॉडेलं, त्यांची माहिती कोणीतरी स्वतःच्या मशीनवरून पाठवलेली. तोवर ती मशीनं निम्म्या लोकांनी माळ्यावर टाकली होती.

नव्या इमारतीचा ताबा देताना बिल्डर पाइपलाइनचे आणि वायरिंगचे नकाशे सोसायटीला देत नाही, मग गळती लागली की प्लंबर भिंती फोडत सुटतो. ठाण्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. लॅपटॉपचं तेच चाललंय. पैसे पूर्ण घेतले, चाव्या दिल्या, नकाशे स्वतःकडे.

कंपन्या काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. आम्ही मशीन विंडोजसाठी विकलं, विंडोजवर तपासलं, तुम्ही भलतीच सिस्टीम टाकता तर आमचा काय संबंध? यावर माझं पहिलं उत्तर असं की हा घोळ फक्त लिनक्सचा नाही. अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवलेला कोरा विंडोज टाकून बघा. अनेक मशीनांवर डिस्कच्या पानावर एकही ड्राइव्ह दिसत नाही, कारण व्हीएमडी नावाचा कंट्रोलर मध्ये उभा असतो. त्याचा ड्रायव्हर वेगळ्या पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो. विंडोजसाठीच विकलेल्या मशीनवर विंडोजच बसत नाही. दुसरं उत्तर, मी कोणाला लिनक्सचे ड्रायव्हर लिहून द्या म्हणत नाहीये. माहिती द्या आणि आडकाठी करू नका, इतकंच म्हणतेय. जुन्या काही लॅपटॉपांत तर वाय-फाय कार्ड बदलून शे-दोनशेचं दुसरं चांगलं कार्ड टाकलं की बायोस बूटच करायचं नाही, पडद्यावर ‘अनधिकृत कार्ड आढळले, काढून टाका’ असा दम द्यायचं. याला तपासणी म्हणत नाहीत. याला अडवणूक म्हणतात.

तिसरं उत्तर, हे जमतं. रिचर्ड ह्यूज यांनी उभ्या केलेल्या एलव्हीएफएस या सेवेतून लिनक्सवर बायोसची अपडेट थेट येतात. डेल त्यात सुरुवातीच्या कंपन्यांपैकी, लेनोवो २०१८ मध्ये आली. ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिप्स म्हणजे एकेकाळी लिनक्सवाल्यांच्या शिव्यांचा हक्काचा विषय. त्या कंपनीनंही सप्टेंबर २०१० मध्ये काही चिप्सचा ड्रायव्हर खुला केला. डेबियनसारख्या तत्त्वाला चिकटून राहणाऱ्या मंडळींनी २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं, म्हणजे नवख्याचं वाय-फाय पहिल्या दिवशी चालावं. तत्त्वनिष्ठ लोक दोन पावलं मागे आले. कंपन्यांनी एक तरी पुढे यावं.

मी लिनक्सची एजंट नाही, हेही स्पष्ट करते. लग्नपत्रिका छापणाऱ्याला मी लिनक्स टाकून देत नाही. त्याची श्रीलिपी आणि कोरलड्रॉ विंडोजवरच, आणि वर्षानुवर्षांच्या फाइली जुन्या फॉन्टमध्ये अडकलेल्या. टॅलीवर जीएसटीचं काम करणाऱ्यालाही विंडोज सोडवत नाही. अशा ग्राहकाला मी सरळ सांगते, पैसे जमवा आणि मशीन बदला. पण फॉर्म भरणारा, व्हिडिओ लेक्चर बघणारा, युनिकोडमध्ये मराठी टाइप करणारा आणि पायथन शिकणारा जो मोठा वर्ग आहे, त्याला मशीन बदलायची गरज नाही. त्याच्या मशीनची गरज आहे फक्त काही फाइलींची आणि थोड्या प्रामाणिक माहितीची.

एक तारखेचा मुद्दा तातडीचा आहे म्हणून मध्येच घालते. सिक्युअर बूटसाठी मशीनांच्या फर्मवेअरमध्ये मायक्रोसॉफ्टची २०११ ची सर्टिफिकेटं, म्हणजे सही तपासायच्या किल्ल्या, भरलेली असतात. त्यांच्या मुदती जून २०२६ पासून संपतात. जागा घ्यायला २०२३ ची नवी आहेत. मुदत संपली म्हणून मशीन त्या दिवशी बंद पडत नाही. पण पुढे येणारे बूटलोडर (सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम), विंडोजचे काय आणि लिनक्सचे काय, नव्या किल्लीनं सही केलेले असणार. ज्या मशीनमध्ये ती किल्लीच पोचली नाही, त्यावर सिक्युअर बूट चालू ठेवून नवी सिस्टीम टाकता येणार नाही. बऱ्याच मशीनांना किल्ली विंडोज अपडेटमधून मिळेल. ज्यांना त्यासाठी कंपनीचं बायोस अपडेट लागेल आणि ज्यांच्या कंपनीनं मॉडेल सोडून दिलंय, त्यांच्यापुढे सिक्युअर बूट बंद करण्यावाचून पर्याय नाही. म्हणजे जी सोय सुरक्षेसाठी आणली, ती सुरक्षेच्याच अपडेटअभावी बंद करायची. कंपन्यांना याबाबत विचारणा करायला निर्देशांकाची वाट पाहायची गरज नाही, एक पत्र पुरेल.

पर्यावरण मंत्रालयाचे ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात जुन्या वस्तू दुरुस्त करून परत वापरात आणायला जागा आहे. नोंदणीकृत रिफर्बिशरनं (जुन्या वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यानं) तसं प्रमाणपत्र दिलं तर उत्पादकाची कचऱ्याची जबाबदारी तेवढ्यापुरती पुढे ढकलली जाते. म्हणजे मशीन जगवलं तर कंपनीलाच सवलत. मग त्याच कंपनीनं ड्रायव्हरचं पान बंद करून मशीन मारायचं, हे एका सरकारच्या दोन खात्यांना चालतं कसं? तुमची आणि त्यांची एक बैठक व्हावी, अशी नम्र सूचना.

आता मागण्या. लॅपटॉप उलटा केला की बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण आणि नोंदणी क्रमांक दिसतो. २०१२ च्या आदेशापासून लॅपटॉप सक्तीच्या नोंदणीत आहेतच. म्हणजे प्रत्येक मॉडेलची एक सरकारी नोंद असतेच. त्याच नोंदीला एक जाहीर पान जोडा आणि त्यावर वाय-फाय, आवाज, टचपॅड, कॅमेरा, बोटाचा ठसा घेणारा सेन्सर, स्टोरेज कंट्रोलर यांच्या चिपचं नाव आणि हार्डवेअर आयडी (चिपचा ओळख क्रमांक) कंपनीला लिहायला लावा. हे आयडी गुपित नाहीत, मशीन चालू केलं की एका कमांडनं दिसतात (इंटेलचा निर्माता क्रमांक ८०८६ आहे, त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरची आठवण; कोणाला तरी गंमत सुचली असणार). पण ते दिसतात पैसे मोजून झाल्यावर. त्यात एकाच मॉडेलच्या नावाखाली एका लॉटमध्ये एक वाय-फाय कार्ड आणि दुसऱ्या लॉटमध्ये दुसरं, हा प्रकार राजरोस चालतो. चिप बदलली तर नोंदही बदला, आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमधून ते पान उघडू द्या.

मॉडेलची शेवटची विक्री झाल्यापासून किमान दहा वर्षं त्याचे ड्रायव्हर, फर्मवेअर आणि बायोसच्या सगळ्या आवृत्त्या साइटवर राहिल्याच पाहिजेत, लॉगिन आणि सीरियल नंबर न मागता. आणि ज्या दिवशी कंपनी एखाद्या मॉडेलचा सपोर्ट बंद करेल, त्याआधी तिनं एक शेवटचं बायोस अपडेट द्यावं : लपवलेले पर्याय उघडे, कार्डांवरची बंदी काढलेली, सिक्युअर बूटच्या किल्ल्या मालकाला स्वतः भरता येतील असं. बायोसमध्ये सर्वांत कमी काम याच अपडेटला लागेल, कारण त्यात नवं काही लिहायचंच नाही, फक्त कुलपं काढायची. हे न करणाऱ्या कंपनीचे गुण कापा. नुसते सॉफ्टवेअरच्या रकान्यातले नको, एकूणातले. नाहीतर चांगल्या स्क्रूंच्या जोरावर ती पास होईल.

गुण देण्याची पद्धत मात्र कंपनीच्या स्वयंघोषणेवर सोडू नका. चाचणी सोपी आहे, कुठल्याही आयटीआयच्या प्रयोगशाळेत होईल. बाजारातून मॉडेल विकत घ्यायचं, डिस्क कोरी करायची, कंपनीचं रिकव्हरी पार्टिशन न वापरता एकदा मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचा विंडोज आणि एकदा दीर्घ मुदतीच्या सपोर्टचं कुठलंही लिनक्स टाकायचं. डिस्क दिसली का, वाय-फाय भिंतीपलीकडे चालतं का, स्पीकर वाजतो की फक्त हेडफोन, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, हे तपासून निकाल मॉडेलच्या नावासकट जाहीर करायचा. चाचणीची कार्यपद्धती लिहिताना ठाणे, कल्याण, दिल्लीचं नेहरू प्लेस, बंगळूरचा एसपी रोड इथल्या रोज मशीन खोलणाऱ्या दोन-चार माणसांना बोलवा. कंपन्यांचे प्रतिनिधी सूटमध्ये येतील, आम्ही येऊ ते पेनड्राइव्ह घेऊन, आणि वर सांगितलेल्या लॅपटॉपसारखं एखादं मशीन टेबलावर ठेवू. बायोसमधली ती लपलेली ओळ त्यांच्यापैकी कोणाला उघडता येते ते पाहायला मला आवडेल.

कळावे,

आपली विश्वासू,
संगणक दुरुस्ती दुकानदार,
वर्तकनगर, ठाणे (पश्चिम)

प्रत माहितीसाठी :
१. पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालय, ई-कचरा विभाग
२. भारतीय मानक ब्यूरो
३. भारतात लॅपटॉप विकणाऱ्या सर्व कंपन्यांची ग्राहक सेवा केंद्रे (मॉडेल एंड ऑफ लाइफ झालं असलं तरी वाचावे)